थॉमस मिस्तरीनं आखलेली रेघ

केडगावच्या एका वर्कशॉपमध्ये मी एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं. साखर कारखान्यांना लागणारे फ्लँज, झाकणं, ट्यूब प्लेटा असला माल आमच्याकडे व्हायचा. कापणारे वेगळे, भोकं पाडणारे वेगळे, वेल्डिंगवाले वेगळे. पण कुठे कापायचं आणि कुठे भोक पाडायचं, हे लोखंडावर आखून देणारा माणूस एकच होता, थॉमस देठे. ट्यूब प्लेटला पाच-सहाशे भोकं असतात. त्यातलं एक जरी चुकलं तर अख्खी प्लेट भंगारात जाते. थॉमसच्या हातून गेलेली मला एकही आठवत नाही.

सकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी यायचा आणि त्या दिवशी काय आखायचंय त्याप्रमाणे वस्तू मागायचा. काळी प्लेट असली की खडूची पूड. ती पाण्यात कालवून प्लेटवर पातळ हात द्यायचा, आणि वाळल्यावर त्यावर स्क्रायबरच्या टोकानं ओढलेली रेघ लांबूनही दिसायची. मशीनवर घासून चकचकीत झालेला भाग असला की मोरचूद. मोरचूदाच्या पाण्यानं लोखंडावर तांब्याचा पापुद्रा चढतो, आणि त्यात रेघ अशी उठते की डोळ्याला शोधावी लागत नाही. भोकाच्या जागी आधी बारीक टोकाचा पंच, नंतर जाड टोकाचा. गॅस्केटच्या रबराला पांढरी पेन्सिल. गल्लीत कुणाचं बांधकाम निघालं तर नीळ चोळलेली दोरी ताणून पायाची रेघही तोच मारून द्यायचा, आणि चर्चचे बाक दुरुस्त करताना लाकडावर पेन्सिलीऐवजी सुरीचं टोक वापरायचा.

ॲल्युमिनियमचा पत्रा आला की मात्र तो स्क्रायबर मला परत द्यायचा. एकदा एका नव्या कामगारानं पत्रा वाकवायच्या जागी स्क्रायबरनं ओरखडा मारला, आणि प्रेसमध्ये घातल्याबरोबर पत्रा त्याच ओरखड्यावर चिरला. थॉमस त्याला रागावला नाही. म्हणाला, "पोलादाला चालतंय ते याला चालत न्हाई. ज्याला जी खूण सोसंल तीच करायची."

त्याची आणखी एक सवय होती. काहीही आखण्याआधी तो जागा चिंधीनं, स्पिरिटनं लख्ख पुसून घ्यायचा. जुनी अर्धवट खूण खाली राहिली तर माणूस दोन रेघांमध्ये फसतो, असं त्याचं म्हणणं. ही सवय त्याला पुढे फार महाग पडली.

त्याची बायको एलिझाबेथ. आम्ही सगळे त्यांना वहिनी म्हणायचो, आणि थॉमस त्यांना प्रार्थनाची आई म्हणायचा. प्रार्थना ही त्यांची एकुलती मुलगी, श्रीरामपूरला दिलेली. वहिनी घरी ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. केडगावात निम्म्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अंघोळ करताना त्यांच्या छातीत डाव्या बाजूला गाठ लागली. महिनाभर त्या कुणाला बोलल्या नाहीत. प्रार्थनाला दिवस गेले होते, तिला घोर नको, म्हणून गप्प राहिल्या. मग ऑपरेशन झालं, छातीची डावी बाजू काढली, मागून सहा इंजेक्शनं झाली, डोक्यावरचे केस गेले. हे सगळं त्यांनी दात आवळून सोसलं. मार्चअखेर डॉक्टर म्हणाले की आता रेडिएशनचे पंचवीस शेक घ्यायचे, आठवड्याला पाच, आणि मधे खंड पडू द्यायचा नाही. मधे मोकळे दिवस गेले तर आतल्या उरल्यासुरल्या पेशी पुन्हा डोकं वर काढतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. थॉमसच्या मनात 'खंड नको' एवढंच रुतून बसलं.

शेक सुरू व्हायच्या आधी वहिनींच्या अंगावर खुणा केल्या. मशीन चालवणारी स्नेहल नावाची पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. तिनं भिंतीतून येणाऱ्या लाल किरणांखाली वहिनींना झोपवलं आणि जांभळ्या शाईनं छातीवर, काखेखाली, बरगडीच्या बाजूला रेघा आणि फुल्या काढल्या. त्या रेघांच्या हिशेबानं रोज मशीन लावायचं. तिनं दोघांना समोर बसवून बजावलं की तिथे साबण नको, तेल नको, सैल सुती कपडे घाला. खूण पुसट झाली तर लगेच आम्हाला सांगा. घरी स्वतः काढू नका.

घरी आल्यावर वहिनींनी पदर बाजूला करून त्याला खुणा दाखवल्या. त्यानं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "सुनीलभाऊ, रेघ लई जाड हाय रं. दोन-अडीच मिलिमीटर. एवढ्या जाड रेघेत कुठली कड धरत असतील?" मी म्हणालो, त्यांचं त्यांना माहीत असेल.

एप्रिल आला. त्या वर्षीचं ऊन तुम्हाला आठवत असेल. देठ्यांचं घर पत्र्याचं. दुपारी वीज जायची आणि पंखा बंद पडायचा. वहिनी उताण्या पडून राहायच्या, कूस बदलायच्या नाहीत, कारण काखेतल्या घामानं बाजूची रेघ फिकी होत होती. दर तासाला आरसा मागायच्या. थॉमस कामावरून अर्ध्या दिवसानं घरी जायचा आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचा. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्यानं हातपाय पुसणं. मानेत घामोळं उठलं, तरी त्या खाजवत नव्हत्या. आठ शेक झाले आणि दवाखान्यातलं मशीन चार दिवस बंद पडलं. दोघं रोज जाऊन बाकावर बसायचे आणि परत यायचे. तिथेच त्यांना एक बाई भेटली. तिच्या खुणा पुसल्या होत्या आणि नव्यानं सगळं मोजमाप करण्यात तिचा आठवडा गेला होता. ती बाई रडत सांगत होती. वहिनींनी ते ऐकलं आणि तेव्हापासून त्यांचं जेवण तुटलं.

तेरा शेक झाले. चौदावा सोमवारी होता. शनिवारी वहिनींना ताप भरला आणि रविवारी सकाळी घाम येऊन तो उतरला. अंगातलं पोलकं पिळून काढावं इतकं भिजलं होतं. त्यांनी आरशात पाहिलं तर बाजूची रेघ जवळजवळ गेली होती. उरलं होतं ते फिकट डागासारखं, आहे म्हटलं तर आहे. समोरची फुलीही उडाली होती.

थॉमस चर्चला निघाला होता. वहिनींनी त्याला थांबवलं. त्या रडल्या नाहीत. खाटेच्या कडेला बसून म्हणाल्या, "तुमी काढा."

तो म्हणाला, स्नेहलताईनं नको सांगितलंय. उद्या जाऊन सांगू.

"उद्या सांगितलं की आठ दिवस गेले. आदी चार गेलेत. मला आता खंड नको. लोखंडावर केसाएवढी रेघ मारता ना तुमी? मग मारा."

पुढे जे झालं ते थॉमसनं मला स्टोअरमध्ये बसून सांगितलं, एकदा नव्हे, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी त्याच क्रमानं. तो मेडिकलमधून जखमेवर लावायचं जांभळं औषध घेऊन आला. वर्कशॉपचा मार्कर त्यानं हातात धरला होता, पण त्यातलं रसायन जळजळतं म्हणून ठेवून दिला. आगकाडीला टोक काढलं. आणि सवयीनं, हात आपोआप गेला म्हणून, कापूस स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं ती सगळी जागा पुसून घेतली. जो फिकट डाग उरला होता तोही गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता आपल्याकडे काहीच नाही. लोखंडावर तो नेहमी एक पक्की कड धरायचा आणि तिथून सगळी मापं टाकायचा. इथे कड नव्हती. अंग वरखाली होत होतं. वहिनी म्हणाल्या, शिवणकाम करणाऱ्या बाईसारखं म्हणाल्या, की श्वास सोडल्यावर माप घ्या, घेतल्यावर नको. त्यांनीच टेप दिली. त्यांनीच शिवणाचा दोरा ताणून धरला. किती बोटांवर रेघ होती हे आठवून सांगितलं. थॉमसनं तीनदा माप घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. मग त्यानं मधलं धरलं आणि रेघ ओढली.

"रेघ लई चांगली आली हुती," तो मला म्हणाला. "सरळ. बारीक. तिला आरशात दाखवली तर ती पयल्यांदा हासली. चार घास जेवली त्या दिशी."

सोमवारी दवाखान्यात चाळीसएक माणसं होती. वहिनींचा नंबर आला. स्नेहल त्यांना आत घेऊन गेली, किरणांच्या रेघा त्यांच्या अंगावरच्या रेघांशी जुळवल्या, बाहेर आली. आतलं जाड दार सरकायला लागलं. थॉमस बाकावर होता. त्याला ते दार बंद होताना दिसत होतं. तो म्हणायचा की त्या वेळी त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तीन मापं वेगळी आली होती. वर्कशॉपमध्ये तीन मापं वेगळी आली असती तर त्यानं पंच उचललाच नसता.

तो उठला आणि स्नेहल बाहेरून मशीन चालवायची त्या खोलीत शिरला. आत जायला मनाई आहे अशी पाटी होती. स्नेहलचा हात बटणावर होता.

"थांबा," तो म्हणाला. "ती रेघ तुमची न्हाई. माझी हाय."

स्नेहलनं हात मागे घेतला. तिला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिचा चेहरा उतरला. रेघ बारीक वाटली होती, पण शनिवारी दुसऱ्या कुणी तपासून नव्यानं काढली असेल असं तिला वाटलं होतं. तिनं फाईल उघडली, पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोशी आणि मापांशी ताडून पाहिलं. बाजूची रेघ दीड सेंटीमीटर आत सरकली होती.

"काका, तिथे खाली फुप्फुस आहे," ती म्हणाली.

थॉमसनं विचारलं, आता आज नीट काढून शेक देता येईल का. तिनं विचारलं, जुनी खूण थोडी तरी कुठे शिल्लक आहे का. थोडी असती तर फाईलवरून आजच जोडून घेतली असती, असं ती म्हणाली. थॉमसनं सांगितलं की आपण स्पिरिटनं पुसली. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

पुन्हा फोटो, पुन्हा मोजमाप, पुन्हा सगळा हिशेब. नऊ दिवस गेले.

त्या नऊ दिवसांत मी त्याला जवळून पाहिला. तो कामावर यायचा, कारण घरी बसवत नव्हतं. प्लेटवर खडूचा हात द्यायचा, वाळेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचा आणि वाळली की पुन्हा हात द्यायचा. स्क्रायबर टेकवत नव्हता. मुकादमानं मला विचारलं, याला काय झालं. मी सांगितलं, बायको आजारी आहे. एका सकाळी त्यानं खिडकीतून स्क्रायबर, दोन्ही पंच, कंपास असं सगळं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाला, जमा करून घ्या. मी वहीत लिहिलं नाही. कपाटात ठेवलं फक्त.

वहिनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. त्याला वाटत होतं की रेघ चुकली म्हणून रागावल्यात. चौथ्या दिवशी त्यानं ताट पुढे ठेवलं आणि माफी मागितली. तेव्हा त्या म्हणाल्या, "रेघंचं काय न्हाई. ती मीच काढायला लावली. तुमी दार का उगडायला लावलं? एवढं बटन दाबलं असतं तर चौदावा झाला असता."

तो म्हणाला, फुप्फुसाला लागलं असतं.

"लागलं तर लागलं असतं. मला खंड नको हुता. तुमी मला न विचारता उठलात."

हे मला सांगताना थॉमस म्हणाला, "सुनीलभाऊ, तिचं खरं हाय. मी तिला इचारायला पायजे हुतं. पन आत ती एकटी पडलेली, दार लागाया लागलेलं, कसं इचारू?" मग म्हणाला, "आन ती 'दाबू द्या' म्हनली असती, तर मी काय केलं असतं?"

मी त्याच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला.

त्या दिवसांत प्रार्थनाचे फोन यायचे. बाळ दोन महिन्यांचं होतं. ती विचारायची, किती शेक झाले. थॉमस तेरा सांगायचा. पुढच्या वेळीही तेराच सांगायचा. तिसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं आणि ती बाळाला घेऊन एसटीनं निघून आली. आईच्या उशाशी बसली. वहिनींनी नातवाला जवळ घेतलं नाही. तो अंगावर हात मारील, खुणा जातील, अशी त्यांना भीती. त्या वेळी त्यांच्या अंगावर एकही खूण नव्हती.

नऊ दिवसांनी नव्या खुणा झाल्या. या वेळी स्नेहलनं शाईच्या रेघांखाली सुईनं तीन बारीक ठिपके टोचले. ते धुतले तरी जाणार नव्हते. थॉमसनं ते पाहिले आणि विचारलं, हे आधी का केलं नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, पण स्नेहलला ते लागलं. ती म्हणाली, आमच्याकडे सगळ्यांना करत नाहीत, डॉक्टर सांगतील त्यांनाच. मग हळूच म्हणाली, करायला हवे होते.

बारा शेक उरले होते, ते ओळीनं झाले. एकही दिवस चुकला नाही. मेअखेर ते संपले. वहिनींनी कोमट पाण्यानं डोक्यावरून अंघोळ केली आणि साबणाची नवी वडी निम्मी संपवली. थॉमसनं मला हे सांगितलं तेव्हा तो दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. मी कपाटातून त्याची हत्यारं काढून दिली. तो कामाला लागला, पण आता प्रत्येक माप चार-चार वेळा घ्यायचा. पूर्वी दिवसात होणारी प्लेट दोन दिवस चालायची. मुकादमानं तक्रार केली, मग सवय करून घेतली.

नाताळच्या आधी वहिनींची पाठ दुखायला लागली. शिलाई मशीनवर वाकून बसल्यानं दुखत असेल म्हणून त्यांनी शिवण बंद केलं. दुखणं थांबेना. पुन्हा तपासण्या झाल्या आणि कण्याच्या दोन मणक्यांत आजार उतरल्याचं दिसलं.

त्या दिवशी थॉमसनं मला सोबत नेलं होतं. रिपोर्ट आणायला एकट्यानं जायची त्याची हिंमत नव्हती. डॉक्टरांच्या टेबलासमोर तो आणि वहिनी बसले आणि मी मागे उभा राहिलो. डॉक्टर बराच वेळ औषधांविषयी बोलत होते, गोळ्या, दुखण्यापुरता एखादा शेक, महिन्याला एक इंजेक्शन. आजार मुळातून जाईल असं आता म्हणता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. थॉमस यातलं काही ऐकत नव्हता. डॉक्टर थांबल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, ते नऊ दिवस. त्यामुळं झालं का?"

डॉक्टर म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आजार आधीच रक्तातून गेलेला असू शकतो. नऊ दिवसांनी फरक पडला की नाही, हे कुणीच सांगू शकणार नाही.

माझ्या मनात आलं, 'हो' म्हणाले असते तरी थॉमसला एक वेळ परवडलं असतं.

तेव्हा वहिनी बोलल्या. इतका वेळ त्या खाली बघत होत्या. डॉक्टरांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, त्यांना न्हाई म्हना."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांना जगायचं हाय अजून," वहिनी म्हणाल्या. "न्हाई म्हना."

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. मग थॉमसकडे वळून म्हणाले, "नाही. त्या नऊ दिवसांमुळे झालेलं नाही."

थॉमसनं मान हलवली. हे 'नाही' मागून घेतलेलं आहे हे त्याला कळलं होतं, ते मला दिसत होतं, आणि वहिनींनाही. तो उठला, त्यांचा हात धरून त्यांना उभं केलं आणि आम्ही तिघं बाहेर आलो. रिक्षा केडगावच्या वेशीपाशी आल्यावर वहिनी म्हणाल्या की संध्याकाळी भाकरी मीच टाकते. त्यांना उभं राहवत नव्हतं. भाकऱ्या थॉमसनं टाकल्या.

वर्कशॉपमध्ये आता कॉम्प्युटरवर चालणारं कटिंगचं मशीन आलंय. प्लेटा तिकडूनच आखून, कापून येतात. थॉमसला आठवड्यातून तीन दिवस बोलावतात, जुन्या मालाच्या दुरुस्तीला. मी रिटायर झालो. महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जातो.

परवा गेलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पुढ्यात सुपात लसूण होता. पाकळ्या सोलत होत्या, पण एक पाकळी सोलायला त्यांना पाच मिनिटं लागत होती. थॉमस हंडा भरून आत आला. मी विचारलं, कसं आहे.

"आज बरं हाय," वहिनी म्हणाल्या.

थॉमस हंडा खाली ठेवत म्हणाला, "काल लई दुखत हुतं. गोळी घेतली तरी राहिलं न्हाई." मग तो त्यांच्याजवळ बसला आणि सुपातला निम्मा लसूण आपल्याकडे ओढून घेतला.